शिक्षा संपली, मग लक्ष कोण ठेवणार?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात पॅरोल आणि फर्लो या कैद्यांच्या दोन रजांतला फरक सांगितला होता. त्यावर आलेल्या पत्रांत बरीच पत्रं वेगळ्याच प्रश्नावर आहेत: रजा संपवून तुरुंगात परत जाणाऱ्याचं सोडा, जो शिक्षा पुरी भोगून कायमचा घरी आला त्याच्याकडे कोण बघतं? वकिलीत येण्याआधी मी बरीच वर्षं परिविक्षा अधिकारी होते. न्यायालयाने ज्यांना तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडलंय, त्यांच्या घरी, कामावर, कधी चावडीवर जाऊन ते कसे राहतायत ते बघायचं आणि न्यायालयाला कळवायचं, हे माझं पगारी काम होतं. त्यामुळे या विषयावर मला ठाम मतं आहेत आणि ती उत्तरांत येणारच.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतला एक माणूस पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) गुन्ह्यात पूर्ण शिक्षा भोगून घरी आला आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिची शाळेची रिक्षा त्याच्या दारावरून जाते. माझी बहीण ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असते. ती म्हणते, तिकडे असा माणूस सुटला तरी कोर्ट त्याच्या पायात जीपीएसचं कडं घालतं आणि वर्षानुवर्षं नजर ठेवतं. आपल्याकडे असा आदेश कोणाकडे मागायचा? आणि तोवर त्याचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर चालेल का?
*– एक आई, ठाणे*

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. फोटो टाकू नका. तुम्हाला राग येईल, पण कारण ऐका. अशा गुन्ह्यांत आरोपी बहुधा मुलाच्या नात्यातला नाहीतर शेजारपाजारचा असतो. त्याचं नाव, फोटो आणि त्याने काय केलं एवढं ग्रुपवर आलं, की जुन्या रहिवाशांपैकी कोणीतरी लगेच हिशेब लावतं: त्या साली अमक्या मजल्यावरचं कुटुंब घाईघाईने घर विकून गेलं होतं, तेच ना? झालं. जिचं नाव कायद्याने झाकून ठेवलं होतं ती मुलगी उघडी पडली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पॉक्सोचं कलम २३ मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. ओळख नाव लिहूनच उघड होते असं नाही. शिवाय बदनामीच्या फौजदारी खटल्यात 'जे लिहिलं ते खरं आहे' एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. आणि ग्रुपवरून पेटलेला जमाव दारात आला तर पुढचं काय ते तुमच्या हातात राहत नाही.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. ते खरं आहे, पण अर्धं. कडं आपोआप कोणाच्याच पायात पडत नाही. ब्रिस्बेन क्वीन्सलँड राज्यात येतं. तिथे २००३ साली घातक लैंगिक गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा झाला. कैद्याची शिक्षा संपायला सहा महिन्यांच्या आत उरले, की राज्याचा ॲटर्नी जनरल तिथल्या सुप्रीम कोर्टात, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात, अर्ज करू शकतो. न्यायालय दोन मानसोपचारतज्ज्ञ नेमतं. ते कैद्याला स्वतंत्रपणे तपासतात आणि हा माणूस पुन्हा गंभीर लैंगिक गुन्हा करण्याचा धोका किती, तो धोका कशाने वाढतो, हे लेखी देतात. कैद्याचा वकील त्यांची उलटतपासणी घेतो. धोका गंभीर आहे असं न्यायाधीशाला खात्रीलायक पुराव्यावरून पटलं, तर दोन वाटा असतात: शिक्षा संपली तरी आतच ठेवायचं, किंवा अटी घालून देखरेखीखाली सोडायचं.

या अटी वाचण्यासारख्या असतात. काही कायद्यानेच ठरलेल्या: नेमलेल्या अधिकाऱ्याला ठरल्या वेळी भेटायचं, त्याला घरी येऊ द्यायचं, नाव, पत्ता किंवा नोकरी बदलायची असेल तर निदान दोन कामकाजाचे दिवस आधी कळवायचं, परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही, घरी थांबण्याच्या वेळा आणि जीपीएसबाबत अधिकारी सांगेल ते पाळायचं. बाकीच्या त्या माणसाच्या गुन्ह्याकडे बघून घातलेल्या असतात. ज्याचा गुन्हा दारूच्या नशेतला, त्याला दारू बंद आणि तपासणी. ज्याचा मुलांविरुद्धचा, त्याला शाळा आणि बागांच्या आसपास फिरकायला मनाई. अट मोडणं हाच वेगळा गुन्हा. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये २००६ पासून असाच कायदा आहे. तिथे देखरेखीचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि पुढे वाढवायचा तर सरकारला पुन्हा न्यायालयात जावं लागतं. न्यूझीलंडमध्ये २००४ पासून दहा वर्षांपर्यंतचे आदेश देता येतात.

यात कडं ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे असं माझं मत आहे. माणूस कुठे आहे ते कड्यावरून कळतं. तो कोणाच्या घरात बसून काय करतोय ते कळायला नियमित येणारा, त्याला ओळखणारा एक अधिकारी लागतो.

आपल्याकडे काय आहे? पूर्ण शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला पुढची काही वर्षं देखरेखीखाली ठेवा, असा अर्ज न्यायालयात करायची तरतूद आपल्या कायद्यात नाही. तुम्हाला नाही, पोलिसांना नाही, सरकारी वकिलांनाही नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. सुटल्यावर पत्ता कळवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, पण ठरावीक गुन्हे दुसऱ्यांदा सिद्ध झाले तर, आणि तोही शिक्षा सुनावतानाच. (त्याबद्दल पुढच्या उत्तरात.) सरकारने शिक्षेत माफी देऊन सोडलं असेल तर माफीला अटी जोडता येतात. सराईत किंवा 'मोकळा राहणं समाजाला धोक्याचं' अशा माणसाकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १२९ खाली चांगल्या वर्तणुकीचा तीन वर्षांपर्यंतचा बाँड घेता येतो, पण तो कार्यकारी दंडाधिकारी घेतात. ज्या न्यायाधीशाने पुरावा ऐकला, त्या मुलीची साक्ष ऐकली, त्याचा इथे संबंधच येत नाही. आणि २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. सुरू झाली तेव्हाच तीत चार लाखांहून जास्त नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. ती सर्वांना खुली करा अशी मागणी अधूनमधून होते. अमेरिकेत १९९६ पासून अशी माहिती लोकांना दिली जाते, पण त्यामुळे गुन्हे पुन्हा घडायचे कमी झाले असं तिथल्या अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. नाव जाहीर झालेल्या माणसाला घर आणि काम मिळत नाही, मग तो पत्ता बदलून दिसेनासा होतो, हे मात्र दिसलं आहे.

म्हणून तुम्ही काय करायचं ते सांगते. पोलीस ठाण्यात जाऊन महिला अधिकाऱ्याला भेटा आणि एक साधा लेखी अर्ज द्या: हा माणूस इथे राहायला आला आहे, मुलांची रिक्षा इथून जाते, कृपया नोंद घ्यावी. आरोप करू नका, विशेषणं लावू नका. रिक्षावाल्या काकांना मार्ग बदलता येत असेल तर बदला, नसेल तर त्या गल्लीत मुलं चढवायची-उतरवायची नाहीत एवढं ठरवा. तो मुलांच्या शिकवणीला, खेळाच्या मैदानावर किंवा स्कूलबसवर काम धरतोय असं कळलं तर त्याच दिवशी पोलिसांना कळवा. तो लैंगिक हेतूने तुमच्या मुलीच्या मागे वारंवार गेला, तिच्याकडे टक लावून उभा राहू लागला, फोनवरून संपर्क करू लागला, तर पॉक्सोच्या कलम ११ खाली तो आजच गुन्हा आहे आणि कलम १२ प्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यासाठी त्याची जुनी शिक्षा मध्ये आणायची गरज नाही. ११२ किंवा १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) वर फोन करा.

आणखी एक, जरा कडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालांत बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं ९० टक्क्यांच्या वर दिसतं. मागच्या गल्लीवर डोळा ठेवताना घरी नेहमी येणारे-जाणारे नजरेतून सुटतात. मुलीला कोणत्याही मोठ्या माणसाबद्दल तुम्हाला येऊन सांगता आलं पाहिजे, तो लाडका मामा असला तरी.

प्रश्न: ताई, माझा मुलगा घरफोडीत दुसऱ्यांदा सापडला, शिक्षा भोगून सुटला. निकालात लिहिलंय की सुटल्यावर तीन वर्षं राहण्याचा पत्ता पोलिसांना कळवायचा. तो कळवतो. पण आजूबाजूला कुठेही चोरी झाली की त्यालाच उचलतात. सणाच्या आधी ठाण्यात बसवून ठेवतात. रात्री बारा-एकला दार वाजवून तो घरात आहे का ते बघतात, घरात सून आणि लहान लेकरं झोपलेली असतात. आमचा समाज विमुक्तांतला. आता त्याला चाकणला कंपनीत काम मिळतंय. पोलीस म्हणतात परवानगी घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. काय करावं?
*– एक आई, सोलापूर जिल्हा (पत्र शेजारच्या गुरुजींनी लिहून दिलं आहे)*

उत्तर: आधी निकालपत्र बाहेर काढा. गुरुजींना सांगा, शेवटच्या पानांवर आदेश लिहिलेला असतो, त्यातला पत्त्याचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचून दाखवा. हा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५६ चा असणार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९४ आहे. त्याची मुदत शिक्षा संपल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षं असते, तुमच्या मुलाची तीन. राहण्याचं ठिकाण कळवायचं, ते बदललं तर कळवायचं, तिथून बाहेर राहणार असेल तर तेही कळवायचं, असं कलम सांगतं. कलमात शब्द आहे कळवण्याचा. परवानगीची अट निकालात वेगळी लिहिलेली नसेल तर ठाणे अंमलदाराला ती तोंडी घालता येत नाही.

पण कळवल्याचा पुरावा हवा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी ऐकलेलं नसतं, आणि न कळवल्याचा ठपका आला तर नव्याने खटला. म्हणून अर्जाच्या दोन प्रती करा. वर खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचं नाव. खाली चाकणच्या खोलीचा पूर्ण पत्ता, घरमालकाचं नाव आणि मोबाइल, कामाचं ठिकाण, कोणत्या तारखेला जाणार ती तारीख. एक प्रत ठाण्यात द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. शिक्का देत नसतील तर वाद घालू नका. तोच अर्ज ठाण्याला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या निकालपत्राला टाचून ठेवा. चाकणला पोचल्यावर तिथल्या ठाण्यातही असाच अर्ज द्या. सुट्टीत चार दिवस गावी येणार असेल तरी कळवू दे. कंटाळवाणं आहे, पण याच कागदांवर तो उद्या उभा राहील.

रात्री दार वाजवण्याबद्दल. याच गोष्टीवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये निकाल दिला आहे. उत्तर प्रदेशातला खडकसिंग नावाचा माणूस. दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडलं, पुरावा नाही म्हणून सोडलं, पण पोलिसांनी त्याच्या नावे हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीतल्या माणसाची ठाण्यातली नोंद, उघडलं. मग रात्री-अपरात्री चौकीदार आणि शिपाई येणार, दार ठोठावणार, हाका मारून त्याला बाहेर काढणार. न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या. बाकीची पाळत मात्र तेव्हा बहुमताने चालू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं, की सगळीच पाळत माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं त्या निकालात जे म्हटलं होतं, ते २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी पुसून टाकलं. तेव्हा तुमच्या घरी जे चाललंय त्याला साठ वर्षांपूर्वीच ना म्हटलेलं आहे. ते अजून तुमच्या तालुक्यापर्यंत पोचलेलं नाही, इतकंच.

सणाआधी बसवून ठेवणं: प्रतिबंधक अटक करता येते, पण त्यासाठी ठोस कारण लागतं, ते कागदावर यावं लागतं आणि वेगळा आदेश नसेल तर चोवीस तासांच्या आत सोडावं लागतं. 'जरा बसून राहा' असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही. पुढच्या वेळी नेतील तेव्हा वेळ, वाहनाचा क्रमांक आणि नेणाऱ्याच्या छातीवरचं नाव लिहून ठेवा आणि लगेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्री म्हणून तुम्हाला स्वतःला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, आणि रात्री दार तुमचंही वाजतं, म्हणून अर्ज तुमच्या नावाने करायलाही हरकत नाही.

तुम्ही समाजाचा उल्लेख केलात तो बरोबर जागी केलात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसं गुन्हेगार ठरवली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. हजेरी, पास, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही: तुमच्या मुलाला जे ऐकवलं जातंय ते त्याच कायद्याचं बोलणं आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. ७ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटबद्दल बोलताना पुन्हा बजावलं, की मागास आणि वंचित समाजांतल्या निरपराध माणसांची नावं निव्वळ पूर्वग्रहापोटी अशा नोंदींत यांत्रिकपणे घालू नयेत. तुमच्या मुलाने गुन्हा केला, शिक्षा भोगली, आता न्यायालयाने सांगितलेलं पाळतोय. न्यायालयाने घातलेली देखरेख त्याने सोसायची आहे. ठाण्याने वरून घातलेली नाही.

जाता जाता एक गोष्ट गुरुजींसाठी. चाकणच्या ठाण्याने चौकशीला वर्दीतला शिपाई थेट कंपनीच्या गेटवर पाठवला तर नोकरी त्याच दिवशी जाईल. हे मी इतक्यांदा पाहिलंय की नोकरीत असताना मी मुलांच्या कामावर साध्या साडीत जायची, आणि कोणी विचारलं तर त्याची मावशी असायची. अर्जातच विनंती लिहा: पडताळणी राहत्या खोलीवर, कामाच्या वेळेनंतर करावी. बरेच अधिकारी ऐकतात. विनंती लेखी असली की जास्त ऐकतात.

प्रश्न: मॅडम, मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षा संपल्यावर पुन्हा देखरेख किंवा कैद म्हणजे एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत का? घटनेच्या कलम २०(२) मध्ये ते बसेल? आणि भारतात असा कायदा यावा असं तुम्हाला वाटतं का?
*– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

उत्तर: क्वीन्सलँडचा कायदा २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात, याच मुद्द्यावर गेला. फार्डन नावाच्या कैद्याचं प्रकरण आहे, मिळवून वाच. सहा विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा टिकला. हेतू समाजाच्या संरक्षणाचा आहे, शिक्षेचा नाही, असं बहुमत. न्यायमूर्ती कर्बी एकटे म्हणाले, की तुरुंगात ठेवणं ही शिक्षाच, हेतू कोणताही सांगा. पुढे २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने फार्डनच्या वाढीव कैदेत आंतरराष्ट्रीय कराराचा भंग पाहिला. २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही जर्मनीतल्या अशाच वाढीव कैदेला नाव काहीही दिलं तरी ती शिक्षाच आहे असं म्हटलं. तू वादस्पर्धेत उतरणार असशील तर कैद आणि देखरेख हे दोन मुद्दे वेगळे ठेव. गुन्ह्याच्या अंदाजावर माणसाला तुरुंगात ठेवायला माझा साफ विरोध आहे. बाहेर ठेवून, मुदत ठरवून, अटी घालायला नाही.

आपल्याकडे असा कायदा आला तर २०(२) पेक्षा कलम २१ वर, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावर, खरी लढाई होईल. नमुना म्हणून दोन निकाल बघ. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनावरच्या आरोपीने पोलिसांना सतत गुगल लोकेशन दाखवत राहावं अशी अट घालता येत नाही. तो आरोपी होता, दोषी नव्हता, हे खरं. पण प्रत्येक पावलावर पाळत ही एक प्रकारची कैदच, हा धागा दोषी माणसालाही लागू होऊ शकतो. दुसरीकडे जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये दहशतवादाच्या खटल्यात जामीन मिळालेल्या एकाच्या पायात न्यायालयाच्या आदेशाने जीपीएसचं कडं घातलं, आणि केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवर जाणाऱ्या कैद्यांसाठी कड्याची सोय आहे. म्हणजे यंत्र दारात आलंय, त्यामागचा विचार अजून वाटेत आहे.

मला विशेष आवडलेला निकाल ऑक्टोबर २०२४ चा, गुजरातमधल्या माफीचा. जन्मठेपेच्या कैद्याला सोडताना सरकारने अट घातली होती, की सुटल्यावर दोन वर्षं 'सभ्यपणे' वागायचं. न्यायालयाने विचारलं, सभ्यपणा म्हणजे काय? त्याची व्याख्या कुठेच नाही, उद्या कोणीही त्याचा कसाही अर्थ लावून माणसाला परत आत टाकेल. अट रद्द झाली. परिविक्षा अधिकारी म्हणून मी हे रोज भोगलंय. आदेशात 'वर्तन चांगले ठेवावे' असं असलं की अहवालात काय लिहायचं? शेजारीण सांगते मुलगा उर्मट आहे, वडील सांगतात उशिरा येतो. याला चांगलं वर्तन म्हणायचं की वाईट? उलट 'दर सोमवारी अकराच्या आत येऊन सही करावी' किंवा 'फिर्यादीच्या घराच्या रस्त्याने जाऊ नये' असं असलं तर पाळलं की मोडलं ते माझ्या लहरीवर ठरत नाही.

तेव्हा कायदा यावा का? मोजता येतील अशा अटी, ठरलेली मुदत, वर्षातून एकदा न्यायाधीशासमोर फेरतपासणी, आणि ती फक्त खऱ्याखुऱ्या मोजक्या घातक माणसांसाठी, एवढं असेल तर यावा. पण त्याआधी माणसं भरा. १९५८ चा परिविक्षा कायदा आपल्याकडे आहेच. ज्याला तुरुंगात न पाठवता सोडता येतं अशा गुन्हेगाराला देखरेखीवर सोडायची त्यात सोय आहे, एकविसाच्या आतल्या मुलांना तुरुंगात टाकण्याआधी अधिकाऱ्याचा अहवाल बघायला त्यात सांगितलं आहे. आपल्या राज्यात हे काम महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांकडे आहे, आणि त्यांच्या टेबलावर दहा दुसऱ्या योजनांच्या फायली असतात. सौम्य गुन्हेगारांकडेच नीट बघायला वेळ नसलेल्या खात्याच्या गळ्यात उद्या सर्वांत कठीण माणसं घातली, तर महिन्याच्या भेटीचा रकाना खुर्चीत बसूनच भरला जाईल.

कॅनडाचं उदाहरणही बघ. तिथेही दहा वर्षांपर्यंत देखरेखीचे आदेश असतात. पण १९९४ मध्ये ओंटारियोतल्या हॅमिल्टनला एका चर्चच्या मंडळींनी एक वेगळंच काम सुरू केलं. मुलांवर अत्याचार करून सुटलेला, सगळ्या गावाने वाळीत टाकलेला माणूस. त्याच्याभोवती चार-पाच स्वयंसेवकांचं मंडळ. रोज कोणीतरी भेटणार, खोली बघून देणार, दवाखान्यात नेणार, आणि तो पुन्हा जुन्या सवयीकडे झुकतोय असं दिसलं तर तोंडावर विचारणार, गरज पडली तर पोलिसांना सांगणार. अशी मंडळं मिळालेल्यांनी पुन्हा गुन्हे कमी केले असं तिथल्या अभ्यासांत आढळलं. अभ्यास लहान आहेत, पण माझ्या अनुभवाशी जुळतात. ज्याच्याकडे कोणी येत नाही, त्याला काही गमावण्यासारखं उरत नाही.

प्रश्न: एवढा घोळ कशाला? सुटणाऱ्या सगळ्या गुंडांना सरळ तडीपार का करत नाहीत?
*– एक ज्येष्ठ नागरिक, सांगली*

उत्तर: काका, तडीपार माणूस हवेत विरत नाही, पलीकडच्या तालुक्यात राहायला जातो. तिथल्या ठाण्याला त्याची माहिती नसते आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिकांनी तुमच्यासारखंच पत्र लिहायचं ठरवलं तर तो परत तुमच्याकडे येईल. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली ही कारवाई होते, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी, आणि तीही माणसाला नोटीस देऊन, म्हणणं ऐकून. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातलाच एक तडीपारीचा आदेश रद्द करताना म्हटलं, की हा असाधारण उपाय आहे, जपून वापरा. ज्याची दहशत असल्याने साक्षीदार पुढे येत नाहीत अशा माणसासाठी तो असू दे. सरसकट वापरला तर घर, काम आणि बायकोमुलं या तीन गोष्टींपासून माणूस तुटतो. याच तीन गोष्टी सांभाळल्या की सुटलेला माणूस ताळ्यावर राहतो, हे मी तुम्हाला कोणत्याही जिल्ह्याच्या फायलींतून दाखवू शकेन.

या विषयावरची आणखी काही पत्रं निकालपत्र न पाहता उत्तर देण्यासारखी नाहीत. ज्यांनी पाठवली त्यांनी निकालाची सगळी पानं पाठवावीत, फक्त पहिलं आणि शेवटचं नको. पीडित व्यक्तीचं, तिच्या आईवडिलांचं, शाळेचं नाव आणि पत्ता काळ्या शाईने खोडूनच प्रत टपालात टाकावी. न खोडलेली प्रत मी वाचणार नाही, परत पाठवीन.